जोडीतले पल्सार आणि गुरुत्वीय लहरींचा पहिला पुरावा

गुरुत्वीय लहरींचा शोध कधी लागला, असे विद्यार्थ्याने विचारले तर हल्ली आपण १४ सप्टेंबर २०१५ ही तारीख सांगतो. त्या दिवशी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली लहर नोंदवली. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या लहरी खरोखर ऊर्जा वाहून नेतात का, हा मूळ वाद त्याआधी सदतीस वर्षे, १९७८ मध्येच बहुतांशी निकालात निघाला होता.

हा वाद साधासुधा नव्हता. १९१६ मध्ये आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धांतातून या लहरींचे भाकीत केले. पण १९३६ मध्ये त्यानेच रोझेन या सहकाऱ्याबरोबर, अशा लहरी असूच शकत नाहीत, असे सांगणारा निबंध लिहिला. 'फिजिकल रिव्ह्यू'च्या संपादकांनी तो तपासणीसाठी दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवला, याचा आइन्स्टाइनला राग आला आणि त्याने निबंध परत घेतला. पुढे गणितातली चूक लक्षात आल्यावर निष्कर्ष उलटा करून तो दुसरीकडे छापला गेला. १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांच्या साहाय्याने लहरी पकडल्याचे जाहीर केले, पण इतर कोणालाही तो प्रयोग जमला नाही. एकंदरीत १९७० च्या दशकात विषयाची पत फारशी चांगली नव्हती.

अशा वेळी, १९७४ च्या उन्हाळ्यात, रसेल हल्स हा संशोधक विद्यार्थी पोर्टो रिकोमधील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर पल्सार शोधत होता. पल्सार म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा. दीपगृहाच्या झोताप्रमाणे त्याचे रेडिओ किरण दर फेरीला एकदा आपल्याकडे वळतात. हल्सला सापडलेल्या पल्सारचे स्पंद दर ५९ मिलिसेकंदांनी येत होते, पण हा कालावधी तासातासाला बदलत होता. आधी त्याला हा उपकरणाचाच दोष वाटला. मग उलगडा झाला तो असा: पल्सार एका अदृश्य सोबत्याभोवती ७ तास ४५ मिनिटांत फेरी मारतो, आपल्याकडे येताना स्पंद दाटीने येतात, दूर जाताना विरळ. जवळून जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा आवाज बदलतो, तोच हा डॉप्लर परिणाम.

हल्सचे मार्गदर्शक जोसेफ टेलर यांना या जोडीचे महत्त्व लगेच कळले. दोन्ही तारे सूर्याच्या सुमारे १.४ पट जड आणि त्यांतले सरासरी अंतर जेमतेम वीस लाख किलोमीटर. बुधाच्या कक्षेचा निकटबिंदू सापेक्षतेमुळे शतकात ४३ विकला सरकतो. इथे तो वर्षाला ४.२ अंश सरकतो! आणि आइन्स्टाइनचे सूत्र खरे असेल, तर लहरींवाटे ऊर्जा गमावून हे तारे हळूहळू एकमेकांच्या जवळ यायला हवेत.

किती हळू? कक्षा वर्षाला साडेतीन मीटर आकसते आणि फेरीचा काळ वर्षाला ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरले गेले. तेव्हापासूनच्या साडेबाराशे वर्षांत कक्षा साडेचार किलोमीटरच्या आतबाहेर लहान झाली आणि फेरीचा काळ सेकंदाच्या एक दशांशाने कमी झाला. मग टेलर यांनी चार वर्षांत हा बदल मोजला तरी कसा?

उत्तर नववीच्या पुस्तकात आहे. सोडलेला दगड किती खाली आला हे आपण काळाच्या वर्गावरून काढतो, कारण वेग साठत जातो. इथेही प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा अत्यल्प लवकर संपते आणि ही आघाडी साठत जाते. चार वर्षांत ती सुमारे ०.७ सेकंद होते, दहा वर्षांत चारहून अधिक, तीस वर्षांत जवळजवळ ४० सेकंद. कैलास कोरला गेला तेव्हापासून मोजत आलो असतो, तर आघाडी पावणेएकोणीस तासांची, म्हणजे सुमारे अडीच फेऱ्यांची झाली असती. हे गणित वर्गात फळ्यावर सोडवून घेण्यासारखे आहे. पल्सार इतका नेमका वेळ पाळतो, की चार वर्षांतली ती सेकंदाहून कमी आघाडीही स्पष्ट दिसली. डिसेंबर १९७८ मध्ये म्युनिक येथील परिषदेत टेलर यांनी निष्कर्ष मांडला. हल्स आणि टेलर यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

पुढे एक मौजेची अडचण आली. मोजणी इतकी बारीक झाली, की आपली सूर्यमाला आणि तो पल्सार आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतात, त्याचा परिणामही हिशेबात धरावा लागला. तो वजा केल्यावर निरीक्षण आणि सूत्र यांत ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त फरक उरत नाही. याला 'अप्रत्यक्ष' पुरावा म्हणतात. मला तो शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. खात्यातून गेलेली रक्कम पैन्‌पै जुळली, तर पैसे घेऊन जाणारा माणूस पाहिला नाही म्हणून कोणी हिशेब नाकारत नाही.

महाराष्ट्राचा या कथेत वाटा आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली: ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. २००४ मध्ये पावलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर-चंद्र यांनी तिच्या मदतीने एनजीसी १८५१ या तारकागुच्छात जोडीतला एक पल्सार शोधला. तो सेकंदाला दोनशे वेळा फिरतो, त्याची कक्षा विलक्षण लांबट आहे. मात्र एका फेरीला १८.८ दिवस लागतात. इतक्या ऐसपैस कक्षेत लहरींची गळती नगण्य असते. त्यासाठी जोडी जवळची हवी. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने तशी जोडी शोधली. तिची फेरी अवघ्या २.४ तासांची, आणि दोन्ही तारे पल्सार!

जवळ येणारे तारे कधीतरी आदळणारच. हल्स-टेलर जोडीला त्यासाठी तीस कोटी वर्षे लागतील, पण विश्वात अशा जोड्या पुष्कळ आहेत. त्यांच्या शेवटच्या क्षणांतल्या क्षीण लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा काढायच्या, याचे गणित पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश १९९० च्या सुमारास करत होते. तेव्हा लायगो उभीही राहिली नव्हती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर प्रत्यक्ष नोंदली गेली. तिच्यामागून आलेले रेडिओ किरण खोडदच्या तबकड्यांनीही टिपले.

मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया होणार आहे. वेरूळला घृष्णेश्वर, तसे औंढ्याला नागनाथ, म्हणून हे नाव आपल्याला परके नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर धावेल. अमेरिकेतल्या वेधशाळांपासून इतक्या दूर आणखी एक वेधशाळा झाली, की लहर आकाशातल्या कोणत्या दिशेने आली हे बरेच नेमके सांगता येईल, आणि दुर्बिणी त्या दिशेला लगेच वळवता येतील.