पाठीवरचें ओझें

बालाघाटाच्या डोंगरांना उंचीचा अभिमान बाळगण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतून जाणारी ही रांग दख्खनच्या पठारावर जेमतेम उठून दिसते, आणि तिच्यावर बर्फ पडल्याचें कोणा म्हाताऱ्यानें ऐकलेलें नाहीं. तथापि मराठी तरुण आतां गढवाल, कुमाऊं, लडाख येथें थंडीच्या दिवसांत मोहिमा काढूं लागले आहेत, आणि निघण्यापूर्वीं त्यांस पहिला प्रश्न पडतो तो पाठीवर घ्यावयाच्या थैलीचा. केवढी घ्यावी, कोणत्या घाटाची घ्यावी, किती भरावी? ह्याचें उत्तर किंमतींच्या यादींत शोधण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें त्याचें निम्में उत्तर इतिहासांत आहे, आणि तो इतिहास पाहावयास धाराशिवाइतका योग्य प्रदेश क्वचितच सांपडेल. लांबचें ओझें वाहून नेण्याचा धंदा येथें दोन हजार वर्षें चालला आहे.

तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. वारकऱ्यांस तें गोरोबाकाकांचें गांव म्हणून ठाऊक. ह्याच गांवाचें प्राचीन नांव तगर होतें, हें फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं प्रतिपादिलें व पुढील उत्खननांनीं त्यास बळकटी आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याचें ‘पेरिप्लस’ नांवाचें प्रवासवर्णन उपलब्ध आहे. त्यांत तो सांगतो कीं, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हें फार मोठें शहर आहे. पैठणाहून अकीक येई, तगराहून साधें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल येई; आणि हा सर्व माल रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखांतून गाड्यांनीं भडोचला उतरे. तेर येथें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति आणि इटलींत पाँपेई येथें सांपडलेली तशीच मूर्ति ह्यांची तुलना विद्वान् करीत आले आहेत. तेरच्या लामतुरे संग्रहालयांत ती पाहावयास मिळते.

परंतु ह्या ग्रीक व्यापाऱ्यानें एक गोष्ट सांगितली नाहीं, आणि आम्हांस तीच हवी आहे. कापडाचे गठ्ठे बांधले कोणीं व कसे? तीस दिवसांच्या बिनरस्त्याच्या प्रवासांत गाडी शंभर वेळां कलणार, नदीच्या उताराशीं माल उतरून पलीकडे न्यावा लागणार. सैल बांधलेला गठ्ठा पहिल्या आठवड्यांतच सुटेल, आणि एका बाजूला जड झालेली गाडी आंस मोडून बसेल. ज्या कोणीं मलमल तगराहून समुद्रापर्यंत कोरडी पोंचविली, त्याला ओझें बांधण्याची विद्या अवगत होती एवढें निश्चित.

गाडी जेथें जात नाहीं तेथें बैल जातो. मध्ययुगांत दख्खनचा अवजड व्यापार लमाणांच्या बैलांवर होता. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ह्या बाजूला लमाणांचे तांडे आजहि आहेत. तांडा हा शब्द आज वस्तीचा वाचक झाला आहे, पूर्वीं तो चालत्या काफिल्याचा वाचक होता. १६३२ सालीं पीटर मंडी या इंग्रज प्रवाशास उत्तर हिंदुस्थानांत एक तांडा भेटला, त्यांत चौदा हजार बैल होते व ते सर्व धान्यानें लादलेले होते. १८०३ च्या मोहिमेंत वेलस्लीचें सैन्य दख्खनमध्यें टिकलें तेंहि बऱ्याच अंशीं लमाणांनीं पुरविलेल्या धान्यावर. ज्यांच्या पाठबळावर फौजा जगल्या, त्यांच्यांतील अनेकांच्या माथीं पुढें १८७१ च्या कायद्यानें गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, आणि तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावें लागलें. हें आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत अधिक ठळकपणें यावयास हवें.

लमाणांच्या बैलावरची गोणी हें एक साधें पण विचारपूर्वक घडविलेलें साधन होतें. एका लांब थैलीचे दोन भाग, एक डाव्या कुशीला, एक उजव्या. मध्यें कण्यावर बसणारी पट्टी. दोन्ही भागांत धान्य सारखें भरावयाचें, कारण अर्ध्या पायलीचाहि फरक बैलाच्या चालींत दिसूं लागतो. गोणीखालीं जाड गादी, म्हणजे वजन कण्यावर न येतां बरगड्यांच्या रुंद भागावर पसरेल. मुक्कामीं गोण्या उतरून त्यांचाच कोट रचावयाचा. पाठाळ जनावर दिवसेंदिवस चालत राहावें ह्यासाठीं जें करावें लागतें तें सर्व ह्यांत आलें : तोल सारखा, वजन बळकट हाडावर, दोर घट्ट, आणि सायंकाळीं झटपट उतरण्याची सोय. वारकऱ्याची खांद्यावरची पडशी व घोडेस्वाराची खुर्जी ह्या गोणीच्याच बहिणी म्हणावयास हरकत नाहीं. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरताडास लावतो, पण खोगिरांत भरलेल्या चिंध्यांनींच घोड्याची पाठ शाबूत राहते, हें बोलणाऱ्याच्या ध्यानीं नसतें.

मंडीला तो तांडा भेटला त्याच १६३२ सालीं परांड्याच्या किल्ल्यावरून ‘मुलूख-मैदान’ तोफ विजापुरास नेण्यांत आली. ही तोफ १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली. तिचें वजन पंचावन्न टन सांगतात, आणि ती ओढावयास दहा हत्ती व चारशें बैल लागले असेंहि सांगतात. तिची जोडीदार ‘कडक बिजली’ वाटेंत नदींत बुडाली अशी आख्यायिका आहे. ओझें वांटतां आलें नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचें तें उदाहरण समजावें.

ओझें वांटण्याचा सर्वांत सुंदर धडा मात्र ह्या जिल्ह्याला एका आगगाडीनें दिला. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरानें १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि १९११ मध्यें ती लातूरपर्यंत पोंचली. येडशी, ढोकी, तेर हीं गांवें ह्याच मार्गावर. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. रूळ इतके हलके कीं यार्डाला तीस पौंडांहून त्यांचें वजन नव्हतें. असल्या रुळांवरून जड माल जाणार कसा? कॅल्थ्रॉपनें नियम केला कीं, इंजिन असो वा मालाचा डबा असो, कोणत्याहि एका आंसावर पांच टनांहून अधिक भार येतां कामा नये. मग आंस वाढवावे, डबा लांब करावा, पण भार सर्वत्र सारखा पसरावा. लमाणाच्या गोणींत जें तत्त्व अक्षरशून्य अनुभवानें आलें होतें, तेंच येथें गणितानें आलें. ह्या गाडीनें लमाणांच्या बैलांचा उरलासुरला धंदा बुडविला, हा इतिहासाचा क्रूर विनोद.

आतां माणसाच्या पाठीकडे येऊं. आमच्याकडे माणूस पाठीवर ओझें घेत नाहीं. पुरुष खांद्यावर कावड घेतो, बाई डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेते. केनियांतील बायकांवर झालेल्या व १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, शरीराच्या वजनाच्या पंचमांशापर्यंतचें ओझें त्या डोक्यावर घेऊन चालल्या तरी त्यांस जास्तीची शक्ति खर्चावी लागत नव्हती. नेपाळांत नामचे बाजारच्या वाटेवरील हमालांचें मोजमाप २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. तेथील पुरुष सरासरीनें स्वतःच्या वजनाच्या शेंकडा ९३ इतकें ओझें कपाळावरच्या पट्ट्यानें वाहतात, बायका शेंकडा ६६. हे आंकडे वाचून शहरी मुलानें धीर बांधूं नये. ते हमाल लहानपणापासून त्या वाटेवर वाढलेले, हळू चालणारे, वारंवार थांबणारे. आणि त्यांचें तें वाहणें आवडीचें नसून पोटासाठीं आहे.

पाठीवरची चौकट थंड देशांतून आली. आल्प्स पर्वताच्या बर्फांत १९९१ मध्यें सांपडलेल्या सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या माणसाजवळ लाकडाची एक चौकट होती, ती पाठीवरच्या ओझ्याचीच असावी असें पुष्कळ मानतात. अर्वाचीन काळीं नॉर्वेच्या ओले बर्गान ह्यानें शिकारीच्या वाटेवर खांदे दुखूं लागल्यानें एक लवचिक फांदी स्वतःच्या पाठीच्या आकाराप्रमाणें वांकविली आणि तिला पिशवी बांधली; १९०९ मध्यें त्यानें त्याचा हक्क नोंदविला. अमेरिकेंत डिक केल्टी ह्यानें १९५२ पासून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी विकण्यास आरंभ केला, आणि कमरपट्ट्यानें भार खांद्यांवरून कमरेवर आणला. १९६७ मध्यें ग्रेग लो ह्यानें ती चौकट पिशवीच्या आंत घातली, त्यामुळें थैली अंगाला बिलगून राहूं लागली व कड्यावर चढतांना ती मागें ओढीनाशी झाली. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक मोठ्या थैल्या ह्या शेवटच्या वंशाच्या आहेत. खांद्यावरून कमरेवर, कण्यावरून रुंद हाडावर : लमाणाची गोणी डोळ्यांपुढें असलेल्यास ह्यांत नवल वाटूं नये.

तेव्हां थैली घेणाऱ्यानें प्रथम आपली उंची नव्हे, पाठ मोजावी. मान खालीं वांकविली असतां मानेच्या मुळाशीं जें हाड पुढें येतें तेथपासून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या माथ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत. सारख्या उंचीच्या दोन भावांची ही मापें निराळीं असूं शकतात. पट्टा पोटावर न बसतां ह्या कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. बायकांसाठीं निराळ्या मापाच्या थैल्या मिळतात, त्या नुसत्या रंगानें निराळ्या नाहींत ना, हें पाहून घ्यावें. दुकानांत रिकामी थैली पाठीला लावून आरशांत पाहणें व्यर्थ आहे. पंधरा-वीस किलो वजन घालून जिना चढून उतरावा. खांद्याखालीं बोटें घालून पाहावें कीं भार कोठें आहे.

मापाविषयीं एक उलटी चूक सर्रास होते. आधीं थैली घेतात, मग सामान. आधीं सामान जमवावें. हिवाळी मोहिमेंत जाड झोंपण्याची पिशवी, पिसांचें जाकीट, तंबूचा वांटा, इंधन, दोर, आठवड्याचें अन्न हें सर्व धरल्यास सत्तर ते नव्वद लिटरांची थैली लागते. तीच स्वतः दोन-तीन किलोंची असते. फार मोठी घेतली तर माणूस ती भरतोच, हा मनुष्यस्वभाव. फार लहान घेतली तर सामान बाहेर लोंबकळतें, वाऱ्यांत हेलकावे खातें, आणि एका बाजूला जड झालेली गोणी बैलाचें जें करतें तेंच तें चढणाऱ्याचें करतें. मात्र बैलाखालीं उतरण असते, ह्याच्याखालीं कधींकधीं हजार फुटांची दरी असते. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागीं ठेवाव्या. एकूण भार शरीराच्या वजनाच्या चौथाईपर्यंत असावा, आणि मोहिमेंत नाइलाजानें तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला तरी त्यापुढें जाऊं नये.

बर्फाच्या मुलखाच्या गरजा आणखी निराळ्या. जाड हातमोज्यांनीं उघडतां न येणारी कडी निरुपयोगी, कारण उणें वीस अंशांत हातमोजा काढणें म्हणजे बोटें पणास लावणें. बारीक सांखळ्या गोठतात, म्हणून थैलीचें मुख वरून उघडणारें व दोरीनें आवळणारें असावें. घाम वाळावा म्हणून पाठीला जाळी लावलेल्या थैल्या आमच्या उन्हाळ्याला उत्तम, पण त्या जाळींत बर्फ बसतो व तो अंगाच्या उबेनें वितळून कपडे भिजवितो. थंडीच्या मोहिमेस गुळगुळीत पाठ बरी. बाहेरच्या आवरणाला वारा उडवून नेतो, तेव्हां आंत जलाभेद्य पिशवी घालावी. पट्टे जाड जाकिटावरून आवळतां येतील इतके लांब हवेत. बर्फकुऱ्हाड व बुटाचे कांटे बांधण्याची जागा बळकट हवी, नाहींतर कांटे कापड फाडून आंतल्या पिसांपर्यंत जातात. ह्यांतील एकहि गोष्ट शोभेची नाहीं. दमलेला माणूस लवकर गारठतो, गारठलेला माणूस चुकीचा निर्णय घेतो, आणि डोंगरावर चुकीच्या निर्णयाची किंमत बरोबरचे सर्व जण देतात.

सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्यें एव्हरेस्टच्या माथ्यावर गेले व तेथें पोंचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ च्या मे महिन्यांत पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एका मोहिमेंत तेथें पोंचले. त्यांच्या छायाचित्रांत निशाण दिसतें, पाठीमागची थैली क्वचित् दिसते, आणि वरच्या तळांपर्यंत दोर व तंबू नेणारे शेर्पा त्याहूनहि क्वचित्. लमाणांच्या बाबतींत जें झालें तें ह्यांच्या बाबतींत होऊं नये.

सरावासाठीं हिमालय लागत नाहीं. येडशीजवळ रामलिंगाच्या दरींत चढउतार आहेत, धाराशिवच्या लेण्यांची वाट आहे, आणि तुळजापूरचा घाट तर कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून पायीं येणाऱ्या हजारों भाविकांच्या पायांखालचा आहे. गिर्यारोहकांची एक जुनी युक्ति अशी कीं, थैलींत पाण्याचे डबे भरून चढावें आणि माथ्यावर पाणी ओतून द्यावें, म्हणजे उतरतांना गुडघ्यांवर भार येत नाहीं. युक्ति शास्त्रशुद्ध आहे. परंतु १९८२ पर्यंत ह्याच जिल्ह्यांत असलेल्या लातूरला २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा डबे, सुमारें पांच लाख लिटर. आणि तें आलें कॅल्थ्रॉपच्याच मार्गानें, आतां रुंद झालेल्या रुळांवरून. तेव्हां ज्या मुलखांत बायका हंडाभर पाण्यासाठीं मैल मैल चालल्या आहेत, तेथें माथ्यावर नेलेलें वीस लिटर पाणी खडकावर न ओतितां नुकत्याच लावलेल्या एखाद्या लिंबाच्या आळ्यांत घालावें. तेवढ्यानें गुडघे तितकेच वांचतात.