दातांमधील फट : एका उपेक्षित जागेचा इतिहास

‘दात कोरून पोट भरत नाही’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. क्षुल्लक काटकसरीने संसार चालत नाही, एवढाच तिचा अर्थ. परंतु म्हण रचणाराला उपमा सुचते ती नित्याच्या व्यवहारातून. जेवणानंतर दात कोरणे हा आपल्या वाडवडिलांचा रोजचा उद्योग होता. जुन्या घरांतून चांदीच्या कडीत ओवलेले दातकोरणे आणि कानकोरणे अद्यापि क्वचित पाहावयास मिळते. आज आम्ही ज्या वस्तूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, ती या दातकोरण्याच्याच कुळातील होय. दोन दातांच्या फटीत घालावयाचा तो इवलासा ब्रश, ज्याला दंतवैद्य ‘इंटरडेंटल ब्रश’ म्हणतात, तो फटीतील मळ कितपत काढतो? प्रश्न वरकरणी क्षुद्र भासेल. परंतु प्रौढपणी दात गमावण्याच्या मुख्य कारणांपैकी हिरड्यांचा रोग हे एक आहे, आणि तो रोग बहुधा या फटींतच प्रथम मूळ धरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचा क्षुद्रपणा सरतो.

फट साफ करण्याची खटपट मनुष्याहूनही जुनी म्हणावी लागेल. क्रोएशियातील क्रापिना येथे सुमारे १,३०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथल मानवांचे जे दात सापडले, त्यांवर वारंवार काडी फिरवून पडलेल्या खोबणी आढळल्या आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांनीही या जागेची दखल घेतली होती. अन्नाचा कण दातात अडकून राहिला तर मनुष्य उष्टा ठरतो की काय, असा प्रश्न गौतम धर्मसूत्रात उपस्थित केलेला आहे. उत्तर असे की, जोवर जीभ त्या कणास लागत नाही तोवर तो दातासारखाच मानावा. कित्येकांच्या मते तो जागेवरून सुटेपर्यंत तसे मानावे. व्यवहाराच्या दृष्टीने ही तोड मोठी समंजस आहे. फटीतील कण पुरतेपणी निघत नाही, हा अनुभव तिच्या मुळाशी असला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आयुर्वेदाने मुखशुद्धीचा विचार याहून बारकाईने केला. चरकाने दिवसातून दोन वेळा, टोक चावून मऊ केलेल्या काडीने, हिरड्यांना इजा न होईल अशा बेताने दात घासावयास सांगितले. सुश्रुताने दातवण बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असावे असे प्रमाण दिले. इतकेच करून तो थांबला नाही. दातांवर साचून कठीण झालेल्या कीटणास त्याने ‘दंतशर्करा’ या नावाने रोगांत गणले, ते खरवडण्यासाठी ‘दंतशंकु’ नावाचे शस्त्र सांगितले, आणि दातांच्या मुळांना न दुखविता ते काढावे असा दंडक घातला. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही भारतीयांच्या दातवणाचे वर्णन तपशिलाने लिहून ठेवले आहे. दात, हिरड्या आणि जीभ या तिहींची काळजी या परंपरेने वाहिली. तथापि करंगळीएवढ्या जाड दातवणाचा कुंचला दोन दाढांच्या मध्ये शिरावा कसा? तेथे वेगळी काडीच लागे.

दिसण्यात स्वच्छ असलेल्या दातांच्या मध्ये नेमके काय दडलेले असते, हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट या गावच्या एका कापडव्यापाऱ्याने. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक. भिंगे घासण्याचा त्याला नाद होता. १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीस धाडलेल्या पत्रात त्याने प्रथम स्वतःची दिनचर्या सांगितली आहे. तो रोज सकाळी मिठाने दात घाशी, चूळ भरी, जेवणानंतर दाढा कोरी आणि फडक्याने दात चोळून पुशी. आपल्या वयाच्या माणसांत इतके शुभ्र दात थोड्यांचेच असतील, असा त्याचा दावा होता; त्या वेळी त्याने पन्नाशी ओलांडली होती. आणि तरीसुद्धा काही दातांच्या मध्ये त्याला पिठाच्या काल्यासारखा दाट, पांढरा मळ आढळला. तो पाण्यात कालवून भिंगाखाली धरताच त्यात असंख्य सूक्ष्म जीव चपळाईने हालताना दिसले. जिवाणूंचे मानवजातीने घेतलेले हे अगदी आरंभीच्या दर्शनांपैकी एक होय, म्हणून विज्ञानाच्या इतिहासात या पत्राचा मान मोठा आहे. आम्हांस त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ज्याने मीठ, दातकोरणे आणि फडके या तिन्ही साधनांचा नेमाने उपयोग केला, त्याच्याच फटीत हा मळ शिल्लक होता. पृष्ठभागाच्या शुभ्रतेवरून फटीची परीक्षा होत नाही, हा धडा १६८३ सालीच मिळाला होता.

तो गिरविण्यास मात्र फार काळ लागला. १८१९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने दातांच्या निगेवर एक ग्रंथ प्रसिद्ध करून, मेण लावलेला रेशमी धागा दातांच्या फटींतून फिरवावा, असा उपदेश केला. पुढे हा धागा कारखान्यांतून तयार होऊ लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशमाची जागा नायलॉनने घेतली. दरम्यान १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या शास्त्रज्ञाने, तोंडातील जिवाणू पिठूळ व गोड अन्नापासून आम्ल बनवितात आणि ते आम्ल दात पोखरते, हा सिद्धांत आपल्या ग्रंथात मांडला. लेव्हेनहूकचे नाचरे प्राणी आता आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. तरी हिरड्यांच्या विकारास हाच मळ कारण आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींना दात घासणे सोडून देण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्याच हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासू लागताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. मळ साचला की दाह होतो आणि मळ गेला की दाह शमतो, हे इतक्या साध्या रीतीने सिद्ध झाले.

मग फटीतील मळ काढावा कशाने? येथे भूमितीचा प्रश्न उद्भवतो. दाढांच्या मुळांच्या बाजू सपाट नसतात. त्यांवर पन्हळीसारखे खोलगट भाग असतात. वय वाढते, हिरडी खाली सरते, तसतसे हे भाग उघडे पडतात. ताणलेला धागा अशा पन्हळीच्या दोन्ही काठांवर टेकतो आणि मधला खोलगट भाग तसाच राहतो. लाकडी काडीचीही गत तीच. उलट, तारेच्या पिळात बसविलेले बारीक केस चोहोबाजूंनी पसरलेले असले, म्हणजे ते दबतात, वळतात आणि खोलगटातही पोहोचतात. बाटली धुण्याचा ब्रश आम्ही ज्या कारणासाठी वापरतो, तेच हे कारण. नॉर्वेतील येर्मो आणि फ्लोत्रा यांनी १९७० साली निरनिराळ्या साधनांची तुलना प्रसिद्ध केली. रुंद फटींत ब्रश धाग्यापेक्षा सरस ठरला. १९७६ साली त्याच देशाच्या येन्स वेरहाउग यांनी दाखविले की, हा ब्रश हिरडीच्या कडेखालीही २ ते २.५ मिलिमीटरपर्यंत मळ काढू शकतो. नेहमीच्या ब्रशास इतके खोल जाणे कठीण.

आता तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, नेहमीच्या ब्रशाने एकदा दात घासले असता मळ सरासरी ४२ टक्के कमी होतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक मळ राहतोच. फटीच्या ब्रशाची जोड दिली असता तो आणखी घटतो, असे २००८ सालच्या एका आढाव्यात दिसले, आणि २०१५ साली युरोपातील तज्ज्ञांच्या परिषदेने फटींसाठी ब्रशास अग्रस्थान दिले. परंतु २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने ३५ चाचण्या आणि ३,९२९ व्यक्ती यांचा हिशेब मांडला तेव्हा निकालाची भाषा जपून वापरावी लागली. ब्रश व धागा या दोहोंनी हिरड्यांचा दाह केवळ दात घासण्यापेक्षा अधिक घटत असावा, आणि ब्रश धाग्याहून काहीसा सरस असावा. मात्र पुरावा कमी खात्रीचा, चाचण्या बव्हंशी अल्पकाळच्या, आणि दिसलेला फरक व्यवहारात किती मोलाचा हे अनिश्चित. दोन दातांमधील कीड या साधनांनी टळते काय, हे एकाही चाचणीने तपासले नव्हते. दात अखेरपर्यंत टिकतात काय, हा आमचा खरा प्रश्न तर त्याहून दूरच राहिला.

यावरून ‘मग ही उठाठेव हवी कशाला?’ असे कोणी म्हणेल. २०१६ साली अमेरिकेत धाग्यासंबंधी असाच गदारोळ उठला होता. तेथील शासन १९७९ पासून ज्याचा पुरस्कार करीत आले, त्यास भक्कम पुराव्याचा आधार नाही असे वृत्तपत्रांनी उघड केले, आणि अनेकांनी धागा निरुपयोगी ठरल्याचा आनंद मानला. आम्हांस हे तर्कशास्त्र पटत नाही. पुरावा अपुरा असणे निराळे, आणि साधन निष्फळ ठरणे निराळे. शिवाय साधनाइतकाच ते धरणारा हातही महत्त्वाचा असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातील गोष्ट पाहा. ज्या मुलांच्या दातांतून शाळेच्या दिवशी जाणकार व्यक्ती रोज धागा फिरवीत, त्यांच्यात किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. जेथे मुलांवरच ते काम सोपविले, तेथे घट दिसली नाही. धागा तोच होता. बदलला तो हात.

ब्रशासही हा न्याय लागू आहे. ज्याच्या फटी अरुंद आहेत, विशेषतः तरुणाच्या, त्याने तो बळेच घुसवू नये, हिरडी दुखावेल. तेथे धागाच योग्य. फटी रुंदावलेल्या प्रौढाने मात्र दंतवैद्याकडून फट मोजून घ्यावी आणि तिच्यात अलगद, पण भरून बसेल असा ब्रश निवडावा. एकाच तोंडात दोन-तीन मापेही लागतात. पहिले काही दिवस रक्त येते, आणि बहुतेक जण भिऊन तेथेच सोडून देतात. परंतु ते रक्त बहुधा पूर्वीच सुजलेल्या हिरडीचे असते, आणि नेमाने मळ निघत गेला म्हणजे सामान्यतः ते थांबते. आठवडा-दोन आठवड्यांनंतरही न थांबले, तर दंतवैद्याचे दार गाठावे.

लेव्हेनहूकने आपले शुभ्र दात पाहून समाधान मानले असते, तर त्याला दोष कोणी दिला असता? पण जी जागा आरशात दिसत नव्हती, तिच्याविषयी त्याने शंका घेतली. आम्ही राखुंडी सोडली, दातवण सोडले, पेस्ट घेतली. परंतु आमची नजर अजून दर्शनी दातांवरच खिळलेली आहे. म्हणीचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. दात कोरून पोट भरत नाही. मात्र पोट ज्यांच्या बळावर भरावयाचे, ते दात म्हातारपणी जागेवर असावेत अशी ज्याची इच्छा असेल, त्याने दिवसातून एकदा त्या फटींची विचारपूस करावी, एवढेच आमचे सांगणे.