आज्ञापालन की अंतःप्रेरणा? पंडिता रमाबाईंचा धर्मशोध

ईश्वरी मार्गदर्शन मनुष्यापर्यंत कोणाच्या मुखातून पोहोचते, हा ख्रिस्ती जीवनातील फार जुना प्रश्न आहे. नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात मंडळीच्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे. उलट प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र आणि इतर प्रेषित न्यायसभेसमोर उभे राहून, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी, असे सांगतात. बहुतेक श्रद्धावंतांच्या आयुष्यात ही दोन वचने समोरासमोर येत नाहीत. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ती आली, आणि त्या पेचाची नोंद त्यांच्या पत्रव्यवहारात टिकून राहिली.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि मातेकडून ती विद्या रमाबाईंना मिळाली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पती बिपिन बिहारी मेधावी यांच्या निधनानंतर 1882 मध्ये त्या पुण्यात आल्या. तेथे पंच हौद मिशनमधील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या भगिनींशी त्यांचा परिचय झाला. (हेच पंच हौद पुढे 1890 च्या चहाप्रकरणाने गाजले.) नीलकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोरे या चित्पावन ख्रिस्ती पंडितांच्या विचारांचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी व कन्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

खरा संघर्ष यानंतर सुरू झाला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. नवदीक्षिताने चर्चची शिकवण शंका न घेता स्वीकारावी आणि वडीलधाऱ्या धर्मगुरूंचा सल्ला शिरोधार्य मानावा, अशी आजीबाईंची अपेक्षा होती. रमाबाईंनी मात्र त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ख्रिस्तजन्माच्या चमत्कारापर्यंत प्रत्येक गोष्टीची शास्त्राधारे चिकित्सा आरंभिली. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. हा प्रश्न वरवर लहान वाटतो, पण देव एका विशिष्ट भाषेतून आणि एका विशिष्ट देशाच्या पुरोहितांमार्फतच बोलतो काय, ही मोठी शंका त्यामागे होती.

पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात, डोरोथिया बील यांच्या छत्राखाली असताना, पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा विषय निघाला. मुंबई व लाहोरच्या बिशपांनी प्रतिकूल मत दिले. त्यामुळे हिंदुस्थानातील त्यांच्या कार्याला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. भारतात पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हे अजब वाटले. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने झुगारल्यावर दुसऱ्या तशाच वर्गाचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, अशा आशयाचे स्पष्ट उत्तर त्यांनी आजीबाईंना पाठविले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्यांनी संबंध तोडले नाहीत. मतभेदाच्या ऐन भरातही त्यांची पत्रे आदराने लिहिलेली आहेत, आणि हा पत्रव्यवहार पुढे अनेक वर्षे चालू राहिला. सिस्टर जेराल्डिन यांनी जपलेली ही पत्रे अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही बाजू त्यात वाचावयास मिळतात, आणि आजीबाईंची कळकळही खोटी वाटत नाही.

1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. वर्षभराने ते पुण्यास आले. सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून 1893 मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. म्हणजे एकीकडे चर्चचे अधिकारी नाराज आणि दुसरीकडे सुधारक! 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना आणताना रमाबाईंनी देवाच्या प्रेरणेचाच आधार सांगितला. त्यातून पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन वाढले. ते कोणत्याही एका पंथाच्या अधीन नव्हते. 1905 मध्ये तेथे प्रार्थनेचे मोठे धार्मिक जागरण झाले.

येथे मात्र भूमिका उलटली होती. आता रमाबाई स्वतः शेकडो स्त्रियांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या, आणि आज्ञा देणारा आवाज त्यांचा होता. आश्रमाची दिनचर्या शिस्तीची होती. ज्या निकषावर त्यांनी बिशपांना तोलले, त्याच निकषावर त्यांनाही तोलण्याचा हक्क आश्रमवासिनींना होता काय, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा.

असाच पेच रेव्हरंड ना. वा. टिळकांपुढेही आला. अमेरिकन मराठी मिशनची वेतनाची नोकरी सोडून त्यांनी 1917 मध्ये साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्याचे दार खुले ठेवले.

रमाबाईंनी अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. सामान्य स्त्रीला ते पाळकाच्या मदतीवाचून स्वतः वाचता यावे, हा त्यामागील हेतू होता. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच त्याचे खिळे जुळविले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झालेले होते.