मनाची तातडीची वेळ : कॅज्युअल्टीत घरच्यांनी आणि दोस्तांनी काय करावे?

छातीत दुखू लागले की अख्खा मोहल्ला माणसाला घेऊन दवाखान्यात धावतो. पण घरात कोणी रात्र-रात्र जागून असंबद्ध बोलू लागले किंवा जीव द्यायची भाषा करू लागले, की आपण दार लावून घेतो. लोक काय म्हणतील, ही भीती. खरं तर हीसुद्धा तितकीच तातडीची वेळ आहे.

कुठे न्यावे?
जखम असेल किंवा काही पोटात गेले असेल, तर १०८ ला फोन करून थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. बाळकुमच्या लोकांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. काय करावे सुचत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

कायदा काय म्हणतो?
मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' निवडता येतो. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा केला की झाले. तो नातेवाईकच हवा असे नाही. बहीण, मैत्रीण, भरवशाचा दोस्त, कोणीही सज्ञान माणूस चालतो. मात्र त्याने लेखी होकार द्यायला हवा. नाव लिहिलेले नसेल, तर आधी नातेवाइकाचा विचार होतो.

जिवाला धोका असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. या उपचारांची मुदत जास्तीत जास्त ७२ तास असते आणि त्यात शॉक देता येत नाही. पोलीस केसच्या भीतीने कोणी खरे लपवू नये. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असे कलम ११५ धरून चालते.

डॉक्टरांना काय सांगावे?
दहा जणांनी बोलू नये, एकानेच बोलावे. त्रास कधीपासून, झोप किती, पूर्वी असे झाले होते का, नशा आहे का, हे सांगा. चालू औषधांची पाकिटे सोबत न्या. रमजानमध्ये रोजासाठी गोळ्या बंद केल्या असतील तर तेही सांगा. सेहरी-इफ्तारच्या वेळा डॉक्टरांना विचारून बसवता येतात.

डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगितले तर राग मानू नका. सासू-सासऱ्यांसमोर सून मनातले बोलेलच असे नाही. गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे.

दुआ आणि दवा
६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. आज कलम ९५ नुसार साखळीने बांधणे बेकायदा आहे. दुआ जरूर करा, पण दवा थांबवू नका.

घरी आल्यावर
औषधे आणि कीटकनाशके कुलपात ठेवा. पुढची तारीख चुकवू नका. सुरुवातीचे काही दिवस दोस्तांनी आळीपाळीने सोबत बसावे; उपदेश नको, नुसते ऐकावे.

आणि प्रतिनिधीचा तो कागद तब्येत ठीक असतानाच लिहून, आधार कार्डाशेजारी ठेवावा.