हाली नोटा, कलदार आणि डब्यातले पैसे



परवा भाच्याने मोबाईलवर ई-रुपया दाखवला. मला वाटलं, फोनपेच. तो म्हणाला, "नाही मावशी, ही रिझर्व्ह बँकेची नोटच आहे, फक्त कागद नाही." १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, दिल्ली, बंगळूर, भुवनेश्वर इथे लोकांसाठी त्याची चाचणी सुरू झाली होती. रोख बंद होणार नाही, दोन्ही सोबत चालतील, असं रिझर्व्ह बँक म्हणते. तरी मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या.

आपलं मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे हाली शिक्का चालायचा. इंग्रजांच्या रुपयाला म्हणायचे कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा हिशोब. १९१८ पासून निजामाच्या कागदी नोटाही आल्या. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम लिहिलेली. चांदीच्या रुपयावर चारमिनार. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता गेली, पण हाली लगेच गेला नाही. काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात होती, १९५९ ला हाली कायमचा बंद झाला.

आजेसासूबाईंनी तांदळाच्या डब्यात ७० रुपये हाली नोटा जमवल्या होत्या. शिवण, पापड, माहेरची ओवाळणी असं करत करत. नोटा बदलायला आजेसासऱ्यांच्या हाती द्याव्याच लागल्या. पहिला प्रश्न आला, "एवढे आले कुठून?" ६० कलदार मिळाले, ते दुकानाच्या गल्ल्यात गेले. हिशोबाने काहीच बुडालं नव्हतं. पण डबा रिकामा झाला. चारमिनारचे चार चांदीचे रुपये मात्र त्यांनी दाखवलेच नाहीत. ते आजही माझ्या कपाटात आहेत, नोट एकही नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा माझाही डबा उघडा पडला. आमच्याकडे हसत हसत विचारलं गेलं, पण विचारलंच. तुमच्याकडेही असंच झालं असेल.

लपवलेला पैसा म्हणजे परिग्रहच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्याच डब्यातून मी कुणा विधवा बाईच्या मुलाची फी भरली. दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी पेटीत टाकते तेही त्यातूनच. गुप्तदानात नाव कुणाला कळू नये, घरातल्यांनाही नाही. भाच्याला मी एवढंच विचारलं, हा ई-रुपया पेटीत टाकला तर मोबाईलवर नोंद राहते का? तो म्हणाला, "राहते." छोट्या रकमेला रोखीसारखीच गुप्तता ठेवायचा विचार आहे, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलंय म्हणे. पण आमच्या घरात माझा मोबाईल सगळेच हाताळतात, नातूसुद्धा.

सध्या तरी डबा तांदळाच्या मागेच आहे.