ज्युलियस सीझर (१९३८ ची श्रुतिका)

'ज्युलियस सीझर' ही शेक्सपिअरच्या त्याच नावाच्या शोकांतिकेवर आधारलेली एक तासाची इंग्रजी श्रुतिका होय. ऑर्सन वेल्स यांच्या 'मर्क्युरी थिएटर ऑन द एअर' या मालिकेत ती ११ सप्टेंबर १९३८ रोजी अमेरिकेतील सीबीएस नभोवाणीवरून प्रसारित झाली. ब्रूटसची भूमिका स्वतः वेल्स यांनी, कॅसियसची मार्टिन गेबल यांनी, तर मार्क अँटनीची जॉर्ज कूलूरिस यांनी केली.

पार्श्वभूमी

मर्क्युरी थिएटरने नोव्हेंबर १९३७ मध्ये न्यू यॉर्क येथे हे नाटक आधुनिक वेशभूषेत रंगभूमीवर आणले होते. पात्रांचे लष्करी गणवेश आणि खालून वर फेकलेले प्रकाशझोत यांमुळे ते मुसोलिनी-हिटलरच्या काळाशी जोडले गेले. हा परिणाम डोळ्यांसाठी योजलेला असल्याने नभोवाणीवर निरुपयोगी होता.

रूपांतर

वेल्स यांनी त्याऐवजी एच. व्ही. काल्टेनबॉर्न या वृत्तभाष्यकारास निवेदक म्हणून घेतले. बातम्यांतून परिचित झालेल्या आवाजात रोममधील कटाची हकीकत सांगितली गेल्याने ती जणू त्याच दिवशीची वाटावी, अशी ही योजना होती. निवेदनाचा मजकूर प्लुटार्कच्या चरित्रग्रंथातून घेतला होता. शेक्सपिअरनेही आपले कथानक प्लुटार्कच्या थॉमस नॉर्थकृत इंग्रजी भाषांतरावरूनच (१५७९) उभारले होते. साहजिकच पद्याच्या शेजारी त्याचे मूळ गद्य येऊन बसले. गाळलेले प्रसंग जोडण्याचे काम निवेदकाकडे गेल्यामुळे पात्रांच्या तोंडी उपरी वाक्ये घालण्याची गरज उरली नाही. पद्यनाटकाच्या संक्षेपात ही मोठीच सोय ठरते.

मूळ संहितेचे सर्वच प्रसंग कानांना सारखे मानवणारे नाहीत. सीझरच्या प्रेतापाशी अँटनी त्याचा फाटलेला झगा दाखवतो, परंतु कोणता वार कोणाचा हेही तो बोलून सांगतो. त्यामुळे श्रोत्यालाही झगा दिसतो. प्रत्यक्ष वध मात्र जवळजवळ निःशब्द आहे. शिवाय कटवाल्यांतील कास्का, डेशियस, सिना असे पुरुषी आवाज केवळ ऐकून वेगळे ओळखणे सोपे नाही.

नंतरचा काळ

दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, हिटलरने न्यूरेंबर्ग येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध भाषण केले. त्यानंतर म्युनिक करारापर्यंत काल्टेनबॉर्न सीबीएसवरून त्या पेचप्रसंगावर सतत भाष्य करीत राहिले. वेल्स यांनी बातमीपत्राचा घाट सात आठवड्यांनी, ३० ऑक्टोबर रोजी, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या श्रुतिकेत अधिक धिटाईने वापरला.