पाहुण्यांना कोणते कोल्हापूर दाखवावे?



काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या बैठकीसाठी परगावचे सात-आठ कार्यकर्ते कोल्हापूरला आले होते. बैठक आटोपल्यावर एक दिवस मोकळा राहिला आणि त्यांना गाव दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. सगळे कोल्हापूरकर करतात तेच मी केले. सकाळी अंबाबाईचे दर्शन, तेथून भवानी मंडप, मग नवा राजवाडा, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. रात्री त्यांना गाडीत बसवून देताना त्यांच्यातला एक वयस्क विणकर मला म्हणाला की गाव फार छान आहे, पण येथली माणसे पोटासाठी काय करतात ते काही समजले नाही. ते बोलणे मला लागले. तीस वर्षे कामगारांत वावरलेला मी, आणि पाहुण्यांना दाखवले काय, तर देव, राजे आणि तळे!

स्पेन देशात सेव्हिल म्हणून एक पुराणप्रसिद्ध शहर आहे. जगभरचे प्रवासी तेथे जातात. तेथला प्रचंड कॅथेड्रल पाहतात, त्यातली कोलंबसाची कबर पाहतात, मुसलमानी कारागिरीचा राजवाडा पाहतात. पण या यादीत आणखी एक वास्तू आहे, ती म्हणजे अठराव्या शतकातला सरकारी तंबाखूचा कारखाना. राजवाड्यासारखी त्याची इमारत. तेथे पुढे हजारो बाया चिरूट वळीत असत. 1875 साली पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या 'कार्मेन' या संगीतिकेची नायिका याच कारखान्यातली कामगार बाई आहे. कारखाना बंद झाला, पण इमारत पाडली नाही. आज तेथे विद्यापीठ भरते आणि प्रवाशांना ती मानाने दाखवली जाते. मी काही स्पेनला गेलेलो नाही, जाईन असेही वाटत नाही. पण हे वाचल्यापासून आपल्या गावाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, हे खरे.

तेव्हा आज पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचे झाले तर मी कसे दाखवीन, ते सांगतो.

आरंभ अर्थातच अंबाबाईच्या देवळापासून. त्याला तोड नाही. परंतु दर्शनाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी पाहुण्याला देवळाच्या बाहेरून एक फेरी मारायला लावावी. चालुक्य-शिलाहार काळापासून घडत आलेले हे काळ्या दगडाचे काम आहे. 1715 साली, आक्रमणाच्या भीतीने दडवून ठेवलेल्या मूर्तीची येथे पुन्हा प्रतिष्ठापना झाली, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. किरणोत्सवही ठाऊक आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी ती देवीच्या चरणांवर पोचतात, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. लोक याला चमत्कार म्हणतात. म्हणोत बापडे. मला मात्र त्यात त्या अनामिक पाथरवटांचे गणित दिसते. सूर्य वर्षातून कोणत्या दिवशी कोठे मावळतो हे पाहून, द्वारामागून द्वार एका रेषेत बसवून, इतक्या लांबून उजेड आत आणायचा, हे काम हिशेबाशिवाय होत नाही. आणि आज ही किरणे कधी कधी अडतात ती समोरच्या रस्त्यावरच्या उंच इमारतींमुळे. तोही एक हिशेबच आहे, निराळ्या प्रकारचा.

तेथून टाऊन हॉलला यावे. ही इमारत 1870 नंतरच्या दशकातली. आत म्युझियम आहे आणि तेथे फारसे कोणी जात नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच टेकडीत त्या सुमारास काशाची भांडी सापडली आणि त्यांच्यासोबत हातात मावेल एवढी एक मूर्ती. ती मूर्ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची आहे. रोमन जगातून सातवाहनांच्या काळी ती येथवर आली. समुद्र सह्याद्रीपलीकडे. म्हणजे ती कोणत्या तरी बंदरात उतरली, बैलाच्या पाठीवरून घाट चढली आणि आपल्या नदीकाठी एखाद्या सावकाराच्या घरी विसावली. कोल्हापूरचा व्यापार गुळापासून सुरू झाला असे समजणाऱ्यांनी या मूर्तीपुढे पाच मिनिटे उभे राहावे.

नवा राजवाडा मी फार वेळ दाखवणार नाही. 1877 ते 1884 या काळात तो बांधला गेला आणि त्याचा आराखडा मेजर मँट या इंग्रज अभियंत्याचा. काळ्या दगडाची घडाई पाहण्याजोगी आहे. आत पेंढा भरलेले वाघ आहेत, ते मुलांना आवडतात.

खरे कोल्हापूर त्यानंतर सुरू होते. 1894 साली शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि 6 मे 1922 रोजी ते गेले. या अठ्ठावीस वर्षांत या गावात जे उभे राहिले ते पाहायचे, तर प्रथम दसरा चौकात जावे. तेथे आणि आसपास वसतिगृहांच्या इमारती आहेत. मराठ्यांचे आणि जैनांचे वसतिगृह 1901 साली सुरू झाले, मुसलमानांचे 1906 साली, अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह 1908 साली. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी भाकरी आणि अंथरूण कोठे, हा प्रश्न असतो. ब्राह्मणेतरांच्या मुलांना तेव्हा गावात जागा कोण देणार? म्हणून ज्याच्या त्याच्या समाजाला वसतिगृह. जातवार वसतिगृहे काढून जात मोडते का, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण 26 जुलै 1902 च्या हुकुमाने सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्यावर, त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे कोठून आणायची? ती या इमारतींतून आली. प्रवाशाला येथे नक्षीकाम दिसणार नाही. पण मला विचाराल तर राजवाड्यापेक्षा हे बांधकाम भक्कम आहे.

येथेच भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल होते, ही गोष्टही पाहुण्याला सांगावी. गंगाराम हा महाराजांच्या पागेतला नोकर. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामाला भांडवल देऊन हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर महाराज स्वतः रस्त्यात गाडी थांबवून तेथला चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. कायदा करणे आणि चहा पिणे यांत दुसरे काम अधिक अवघड, हे ज्याने सामाजिक चळवळीत चार दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको.

मग खासबाग. 1902 साली महाराज राज्यारोहणाच्या समारंभासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले आणि तसे मैदान आपल्या गावात असावे असे त्यांच्या मनात आले. 1912 साली ते पुरे झाले. रोमकरांनी दगडी कमानी एकावर एक चढवून प्रेक्षक वर बसवले. आपल्याकडे उलट केले. मधला हौदा खोल ठेवला आणि चहूबाजूंनी मातीचा उतार दिला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. खर्च कमी आणि सोय जास्त. स्पेनमध्ये याच आकाराच्या मैदानांत माणूस आणि बैल झुंजतात व बहुधा बैल मरतो. आमच्याकडे दोघे उठतात, एकमेकांच्या पाठीवरची माती झाडतात आणि बाहेर पडतात. मला तरी आमचा खेळ बरा वाटतो.

मैदानाला लागूनच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले. ते 1915 च्या ऑक्टोबरात खुले झाले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. केशवराव याच गावचे. 1921 साली त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले आणि त्याच वर्षी ते ऐन तिशीत गेले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हे नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर जमलेली गर्दी मी पाहिली आहे. बॅकस्टेजची कामे करून पोट भरणारी माणसे, सुतार, रंगारी, दिवेवाले ढसाढसा रडत होते. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. ती पुरी होताना दगड जुने दिसावेत ही काळजी घेतली जाईलच. पण तेथल्या रोजंदारीच्या माणसांनी मधल्या काळात काय खाल्ले, हे कोणत्या अहवालात यायचे?

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. आनंदराव मिस्त्री आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ मूळचे कारागिराच्या घरचे. सिनेमाचा कॅमेरा विकत घेणे परवडेना, तेव्हा तो घरी घडवण्याच्या नादाला लागले. आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी काम पुरे करून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्या 1925 च्या 'सावकारी पाशा'त जमीन गमावलेला शेतकरी शहरातल्या गिरणीत मजूर होतो. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या दिवसांत ही गोष्ट सुचली कशी, याचे मला नवल वाटत नाही. बाहेर पडले की तो मजूर रस्त्यातच भेटत होता. लेथ फिरवणारे, ओतकाम करणारे, मोडलेले यंत्र पाहून दुसरे तसे बनवणारे हात या गावात पूर्वीपासून आहेत. त्यांच्यातूनच शिवाजी उद्यमनगर वाढले. पाहुण्याला तेथे सकाळी न्यावे आणि भट्टीतला रस साच्यात ओतताना लांबून दाखवावा. मात्र आत जाताना पायांत बूट असावेत. कामगारांच्या पायांत ते असतातच असे नाही, हेही त्याच्या लक्षात येईल.

पायताणाचा विषय निघालाच आहे. कोल्हापुरी चप्पल प्रत्येक पाहुणा नेतो. दुकान भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत असते, काम मात्र खेडोपाडी घरांत चालते. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवून कमवायचे. तळ कापायचा, थर चिकटवायचे, कान बसवायचे आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल चपलेत खिळा नसतो. अंगठ्याची आणि पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक बायका घालतात आणि डोळे त्यांचेच आधी जातात. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमेवरून आपण कितीही भांडलो तरी चप्पल दोन्हीकडची आहे, हे सरकारी कागदावर आले याचे मला समाधान वाटले. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन पेढीने मिलान शहरात असलीच चप्पल आपल्या नावाने मांडली. आपल्याकडे ओरड झाली, मग मूळ कोठले ते त्यांनी कबूल केले. ओरड योग्यच होती. पण दुकानात त्याच चपलेसाठी शंभर रुपयांची घासाघीस करणारे आपणच, हेही पाहुण्यासमोर नाही तरी आपसांत बोलावे.

पन्हाळ्याला एक दिवस वेगळा ठेवावा. 2025 साली बारा मराठा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याला जागतिक वारशात जागा मिळाली. 1660 च्या वेढ्यातून महाराज निसटले ती वाट, तीन दरवाजा, सज्जा कोठी हे वाटाडे दाखवतातच. अंबरखान्यात मात्र पाहुण्याला थोडे थांबवावे, कारण वेढा धान्यावर लढवला जातो. आणि खाली उतरताना शिवा काशिदाच्या समाधीपाशी गाडी थांबवावी. शिवाजी महाराजांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला हा माणूस जातीने न्हावी होता.

बिंदू चौकात आम्हा कामगारांचे अर्धे आयुष्य गेले. जुन्या तटाचा बुरूज, तुरुंग आणि सभेची जागा. येथे 9 डिसेंबर 1950 रोजी भाई माधवराव बागल यांनी जोतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. कॉम्रेड गोविंद पानसरे यांची सभा या चौकात ज्यांनी ऐकली त्यांना मी निराळे काय सांगू? 16 फेब्रुवारी 2015 रोजी सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. पाहुण्याने विचारले तर हे सांगावे. न विचारले तरी सांगावे.

राहिली शाहू मिल. 27 सप्टेंबर 1906 रोजी महाराजांनी या गिरणीचा पाया घातला. संस्थानातल्या कापसाला आणि रिकाम्या हातांना गावातच काम मिळावे, हा उद्देश. गावाची घड्याळे तिच्या भोंग्यावर लागत. 2003 साली ती बंद पडली. तेथे महाराजांचे स्मारक करायचे, असे ठराव आणि आराखडे पुष्कळ झाले. सेव्हिलच्या तंबाखू कारखान्यासारखे काही करावे, तेथे वस्त्रविद्येचे कॉलेज भरावे, मागच्या बाजूला दोन-चार जुने साचे चालू स्थितीत ठेवावेत आणि ते चालवून दाखवायला जुने कामगार नेमावेत, असे माझे मत आहे. पण हे जुने कामगार दर वर्षी कमी होत चालले आहेत, त्यामुळे वेळ फारसा नाही.

6 मे 2022 रोजी, महाराजांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले. त्या दिवसांत मिलच्या आवारात प्रदर्शन होते आणि फाटक सर्वांना खुले होते. मीही गेलो. लोक चित्रे आणि तक्ते पाहत होते. एका कोपऱ्यात मात्र एक म्हातारे गृहस्थ नातवाचा हात धरून तक्त्यांकडे पाठ करून उभे होते. भिंतीपासून पावले मोजून ते एका जागी थांबले आणि आपला साचा येथे होता म्हणून त्याला सांगू लागले. नातवाने विचारले, साचा म्हणजे काय? तेव्हा त्यांनी दोन्ही हात हवेत पसरून धोटा इकडून तिकडे कसा जातो ते करून दाखवले.